तिसरी पाळी

आमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन रंगांच्या नोंदी असत. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, शाळेची फी हे सगळे आई निळ्या पेनाने लिही. आणि दर शुक्रवारच्या चौकोनात लाल पेन्सिलीने एकच आकडा असे : १, २ किंवा ३. तो बाबांच्या पाळीचा. शुक्रवार अशासाठी, की बाबांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असे, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांची असे तशीच. त्यांचा आठवडा शुक्रवारी सुरू होई. आमची सुट्टी रविवारची. बाबा घरी असत त्या दिवशी आम्ही शाळेत, आणि आम्ही घरी असू त्या दिवशी बाबा कामावर, नाहीतर झोपलेले.

चौकोनात ३ आला की घराचा आवाज उतरे. बाबा सकाळी पावणेआठला येत, चहा घेऊन आडवे होत, आणि मग आमची शाळेची तयारी खुणांनी चाले. दप्तराची चेन जिन्यात जाऊन लावायची. कुकर ते उठल्याशिवाय चढवायचा नाही. रविवारी दुपारी दूरदर्शनवर मराठी सिनेमा असे, तो आम्ही आवाज बंद करून पाहिलेला आहे. जिन्यात कुणी मुले ओरडली की आई दारात जाऊन हळूच सांगे, ‘बाबा झोपलेत.’ लहानपणी हे वाक्य जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठलेच ऐकले नसेल.

तरी मला तिसरीपेक्षा दुसरी पाळी नकोशी वाटे. दुपारी अडीचला बाबा सायकल काढत, आम्ही साडेपाचला शाळेतून येऊ. ते मध्यरात्रीनंतर घरी येत, तेव्हा आम्ही गाढ झोपेत. सकाळी ते उठेपर्यंत आमची वेणी-डब्याची गडबड आणि निघायची वेळ. दिवसातला अर्धा तास, तोही घाईचा. प्रगतिपुस्तकावर सही हवी असली की ते त्यांच्या ताटाशेजारी उघडे ठेवून झोपायचे. सकाळी सही झालेली असे, खाली कधी ‘गणितात लक्ष घाल’ अशी एक ओळ. त्या आठवड्यातले आमचे बोलणे तेवढेच.

हे सांगते आहे ते जुने दिवस आठवावेत म्हणून नाही. त्या लाल आकड्यांचा उगम ज्या तक्त्यात होतो, तो तक्ता पुढे माझ्याच टेबलावर आला. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तेव्हाच्या कायद्याने कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागे. ती नोकरी मी केली. टाइम ऑफिसमधून पाळ्यांचा तक्ता येई, मी त्यावर नजर फिरवी आणि सही करी. पहिली काही वर्षे तो मला निव्वळ हजेरीचा कागद वाटला. कुणाच्या घरात किती दिवस कुकर चढणार नाही, हे त्या कागदावर ठरते आहे, असे वाटले नाही. मी त्याच घरातून आले होते, तरी वाटले नाही. हे पुस्तक त्या सह्यांमुळे लिहावे लागले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रात्रीच्या कामाला मजुरीखेरीज आणखी एक किंमत असते. कामगार ती झोपेतून भरतो, त्याचे घर गप्प राहून भरते, आणि मालकही भरतो. मात्र मालकाच्या वहीत तिच्यासाठी रकाना नसल्याने ती त्याला दिसत नाही. तो रकाना आखला जावा यासाठी ही खटपट.

पाळी हा शब्द मराठीत फार जुना आणि फार समजूतदार आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी असते, तिच्यासाठी शेजपाळी नावाची व्यवस्थाच आहे. देवळात पूजेची पाळी असते. जे सगळ्यांना एकदम मिळू शकत नाही, किंवा जे एकट्याने सोसवत नाही, ते वाटून घ्यायचे : आज तुझी, उद्या माझी. गिरणगावाने हा शब्द कामाला जोडला आणि दिसपाळी, रातपाळी असे शब्द झाले. बाईच्या शरीराच्या ऋतूलाही आपण पाळीच म्हणतो. माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. ती सांगते, नाइट ड्यूटी लागोपाठ लागल्या की वॉर्डातल्या निम्म्या मुलींची पाळी पुढे-मागे होते. त्या आपसात बोलतात, पण मेट्रनकडे कुणी जात नाही. दोन्ही पाळ्यांना एकच शब्द असलेल्या आपल्या भाषेत हा विषय किती कमी बोलला गेला, याचे मला वाईट वाटते.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ सालची. सुरुवातीच्या गिरण्या सूर्यावर चालत : उजाडले की सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे. विजेच्या दिव्यांनी हे बंधन काढून टाकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडाला तेजी आली, तेव्हा दिव्यांखाली चौदा-पंधरा तास गिरण्या चालल्या आणि १९०५मध्ये कामगारांचा संताप रस्त्यावर आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून लावून धरलेली आठवड्याच्या सुट्टीची मागणी १८९०मध्ये मान्य झाली होती. पण रोजच्या तासांवर पुरुषांसाठी मर्यादा यायला १९११ उजाडले, आणि तीही बारा तासांची. पुढे १९२२मध्ये अकरा, १९३४मध्ये दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने अधिनियमात दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस.

यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. माणसाचे तास कमी होत गेले, यंत्राचे मात्र वाढत गेले. एकट्याने चौदा तास राबायचे बंद झाले, तशी दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाला जागा झाली. म्हणजे ज्या लढ्याने कामगाराची संध्याकाळ त्याला परत मिळवून दिली, त्याच्याच पाठोपाठ रातपाळी आली. लढा चुकला असे कुणी म्हणणार नाही. पण किती वेळ काम करायचे हा प्रश्न सुटला, कोणत्या वेळी करायचे हा प्रश्न तसाच राहिला.

लालबाग-परळच्या चाळींत पाळीने झोपण्याचीही पाळी लावली. गावाहून आलेले दहा-पंधरा गडी एका खोलीत भाड्याने राहत. ती खोली त्यांना पुरे, कारण सगळे एकाच वेळी घरात कधी नसत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या अंथरुणावर तिसऱ्या पाळीचा येऊन पडे. भोंगा झाला की खाणावळीत एक पंगत उठे, दुसरी बसे. एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी : रात्री बायकांना कामावर ठेवायचे नाही हा नियम त्यांच्या भल्यासाठी होता, पण तीन पाळ्या पक्क्या झाल्यावर ‘जी तिन्ही पाळ्यांत येऊ शकत नाही ती कशाला हवी’ असा हिशेब मालकांनी केला आणि वाइंडिंग, रिलिंगसारख्या खात्यांतल्या बायका हळूहळू कमी होत गेल्या. जानेवारी १९८२च्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. रातपाळीची सवय असलेल्या कित्येकांना पुढे वॉचमनची नोकरी मिळाली. रात्री आठ ते सकाळी आठ. पाळी गेली नाही, लांबली.

आता शरीराबद्दल. १७२९मध्ये द मैराँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने लाजाळूचे झाड अंधाऱ्या कपाटात ठेवले. ऊन दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत, रात्री मिटत. वेळ त्या झाडाच्या आत होती. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो हेच काम करतो. शरीराचे तापमान, भूक, झोप आणणारे मेलाटोनिन यांच्या वेळा तो लावतो. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चे नोबेल मिळाले. हे घड्याळ उजेडावर जुळवून घेते, हुकमावर नाही. पहाटे चारच्या सुमारास शरीर सर्वांत थंड आणि मेंदू सर्वांत मंद असतो, मग माणूस वीस वर्षे तिसरी पाळी करत असो वा वीस दिवस. ‘सवय होते हो’ असे सुपरवायझर म्हणतात, कामगारही म्हणतात. सवय जागे राहण्याची होते. दिवसा नीट झोपण्याची बहुतेकांना होत नाही, कारण सकाळी घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडते आणि घड्याळ पुन्हा होते तिथेच येते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तास कमी भरते आणि तुटक असते.

यातून काय होते, ते कारखान्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या कुणालाही सांगता येईल. आधी पित्त. मध्यरात्री कॅन्टीनचे तेलकट जेवण, ते पचवायला शरीर तयार नसते. मग वजन, रक्तदाब, साखर. पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मधुमेह जास्त आढळतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. कर्करोगाबद्दल मी जपून लिहिणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. मात्र २०१६मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दिसला नाही. घाबरवण्याइतका हा पुरावा पक्का नाही, दुर्लक्ष करण्याइतका कच्चाही नाही. याहून जवळचा आणि पक्का धोका मला तंबाखूचा वाटतो. पहाटे तीनला डोळे उघडे ठेवायला मळलेला तंबाखू दाढेखाली धरणारी किती माणसे मी पाहिली! त्यातल्या तिघांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. त्यांच्या कागदांवर कारण ‘व्यसन’ असे लिहिले गेले. ते लागले कोणत्या वेळी आणि कशासाठी, हे कुठल्या कागदावर येत नाही.

मालकाच्या नुकसानीची गोष्ट सांगायची तर मला भोपाळच्या वायुगळतीपासून सुरुवात करावी लागते. त्या दुर्घटनेची मुळे खोल आहेत : बंद ठेवलेले शीतकरण, दुरुस्तीला काढलेला ज्वाला-मनोरा, वर्षानुवर्षे केलेली काटकसर. पाळीवर सगळा दोष टाकणे हा मेलेल्यांवर अन्याय होईल. पण २ डिसेंबर १९८४च्या रात्रीचा क्रम पाळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी शांतपणे वाचावा. रात्री १० वाजून २० मिनिटांनी ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब दर चौरस इंचाला दोन पौंड नोंदवलेला होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या माणसाने पाहिले तेव्हा दाब दहावर होता. दहा हा आकडा एरवीच्या मर्यादेतला, म्हणून तो चमकला नाही. मर्यादेतला होता हे खरे, पण अर्ध्या-पाऊण तासात पाचपट झाला होता. आणि ही वाढ दिसण्यासाठी आधीच्या पाळीचा आणि नंतरच्या पाळीचा आकडा एकाच डोक्यात यावा लागतो. मिथाइल आयसोसायनेट विभागात दर पाळीची माणसे आधीच निम्म्यावर आणलेली होती, आणि रात्रीच्या देखभाल सुपरवायझरची जागा थोड्याच दिवसांपूर्वी रद्द केली होती. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, गळती असल्याचे लक्षात आले, आणि चहानंतर पाहू असे ठरले. मध्यरात्रीनंतर टाकी आवाक्याबाहेर गेली.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची अणुभट्टी १९७९मध्ये पहाटे चारला बिघडली. चेर्नोबिलचा स्फोट १९८६मध्ये मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी झाला. या तिन्ही ठिकाणी माणसे वाईट नव्हती, अडाणीही नव्हती. रात्र होती, सर्वांत वरचे अधिकारी घरी होते, आणि निर्णय त्या वेळी तिथे असलेल्या मोजक्या माणसांना घ्यायचे होते. कंपनीतला सर्वांत कमी पाठबळ असलेला माणूस सर्वांत अवघड वेळी एकटा असतो. साध्या भाषेत रातपाळीचे व्यवस्थापन म्हणजे एवढेच, आणि ते बदलणे कामगाराच्या नव्हे, मालकाच्या हातात आहे.

मोठे अपघात क्वचित होतात. रोजची गळती बारीक असते. ब्रिटिश अभ्यासक सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून मांडले, की सकाळच्या पाळीच्या मानाने दुपारच्या पाळीत दुखापतीचा धोका सुमारे १८ टक्के आणि रात्रीच्या पाळीत सुमारे ३० टक्के जास्त असतो. सलग चौथ्या रात्री तो पहिल्या रात्रीपेक्षा ३६ टक्के वाढलेला असतो. आपल्याकडे सहा-सहा रात्री सलग लावण्याची पद्धत आहे. १९९७मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवले, की सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा चुका करतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात ०.०३ टक्क्यांवर गाडी चालवणे गुन्हा आहे. सकाळी सातला गेटमधून बाहेर पडून मोटारसायकलला किक मारणाऱ्या माणसाला आपण सगळेच हात हलवून निरोप देतो. माझ्या नोकरीच्या काळात असे दोघे घरी पोहोचले नाहीत. अपघात रस्त्यावर, कंपनीच्या आवाराबाहेर. सुरक्षेच्या फलकावर ‘अपघाताविना दिवस’ हा आकडा दुसऱ्या दिवशी एकने वाढला.

याखेरीज रिजेक्शन. तिसऱ्या पाळीत नापास होणारा माल सकाळी उजेडात दिसतो आणि पहिल्या पाळीच्या माथी येतो. मग पाळी बदलल्याच्या पहिल्या दिवशीच्या गैरहजेऱ्या, त्या भरून काढायला कुणाला तरी ‘डबल’, डबलचा दुप्पट ओव्हरटाइम, डबल केलेल्याची दुसऱ्या दिवशी दांडी. शिकवून तयार केलेला तरणा ऑपरेटर दोन वर्षांत सोडून जातो आणि ‘बाहेर पगार जास्त मिळाला’ असे सांगतो. घरी विचारले तर वेगळेच कारण निघते. हे सगळे खर्च वेगवेगळ्या खात्यांत पडतात. नापास माल क्वालिटीच्या खात्यात, गैरहजेरी टाइम ऑफिसच्या, भरती आमच्या. कुणी बेरीज करत नाही.

ही बेरीज केली तर काय होते, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतल्या यूटा राज्यातले आहे. तिथल्या ग्रेट सॉल्ट लेककाठच्या खनिज कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला आणि उलट्या दिशेने फिरत : रात्र, मग दुपार, मग सकाळ. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी ती दिशा सुलटी केली, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, आणि बदलाचे अंतर तीन आठवड्यांचे केले. १९८२मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षांनुसार तक्रारी कमी झाल्या, नोकरी सोडणारे कमी झाले, उत्पादन वाढले. कारण सोपे आहे. आपले आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब आहे, म्हणून झोप पुढे ढकलणे जमते, मागे ओढणे जड जाते. एक रुपयाचे यंत्र न घेता झालेला हा बदल होता.

ते वाचून मी आमच्या तक्त्याची दिशा बदलण्याचा घाट घातला. आमचा तक्ता उलटाच फिरत होता. का, हे कुणालाच सांगता येईना. व्यवस्थापनाचा विरोध मी गृहीत धरला होता. तो फारसा झाला नाही. विरोध कामगारांकडून झाला. खेड, जुन्नर, मावळातली मंडळी होती. तिसऱ्या पाळीचा आठवडा त्यांना शेतासाठी हवा होता. सकाळी एसटीने गाव गाठायचे, दुपारपर्यंत रान बघायचे, रात्री परत गेटवर. झोप कधी? ‘बसमध्ये होते की, मॅडम.’ शिवाय रातपाळी भत्ता. त्या भत्त्यातून कुणाच्या मुलीची क्लासची फी जात होती. मी सहा रात्रींऐवजी तीन रात्रींचा तुकडा मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ कामगार शांतपणे म्हणाले, ‘आमची झोप वाचवता ते बरोबर, पण भत्त्याचे पैसे कुठून आणू ते पण तक्त्यात लिहा.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दिशा बदलली गेली, रात्रींची संख्या तशीच राहिली.

तेव्हापासून मला भत्त्याविषयी शंका आहे. युनियनने दर करारात रातपाळी भत्ता वाढवून घेतला, आणि त्यांना दोष देता येत नाही. टेबलावर पैसाच ठेवलेला असे. पण भत्त्याने रात्रीला दर लागला आणि रात्र कमी करण्याची चर्चा थांबली. ज्याला गरज जास्त, तो जास्त रात्री घेतो. युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती आणि रात्रीच्या कामगारांची मोफत आरोग्य तपासणी हा हक्क आहे. हक्क विकता येत नाही, भत्ता घेऊन सोडताही येत नाही. आपल्या करारांत असे कलम यावे, असे मला मनापासून वाटते.

हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहणार, सुट्टीचे दिवस वाढतील, असे समर्थनात सांगितले जाते. आणि लांबून येणाऱ्या काही कामगारांनाही चार दिवसांचा आठवडा आवडेल, हे मी नाकारत नाही. पण फोकार्ड-टकर यांच्याच मांडणीत बारा तासांच्या पाळीतला धोका आठ तासांच्या पाळीपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त आहे. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा यांना एकाच मापाने मोजू नये. येनामधल्या झाइस भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९००मध्ये नऊ तासांचे आठ केले आणि दिवसाचे उत्पादन घटले नाही, थोडे वाढलेच. सव्वाशे वर्षांपूर्वी कारखाना चालवणाऱ्या माणसाने स्वतः मोजून पाहिलेली ही गोष्ट आहे.

आपल्याकडेही मोजून पाहणारे आहेत. मुंबई पोलिसांत बारा-बारा तासांची ड्यूटी नेहमीची होती. २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला, आणि त्या पाळ्यांची आखणी एका शिपायाने स्वतः बसून केली होती. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. माणसे कमी आहेत म्हणून आठ तास शक्य नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. पाळीचा तक्ता पाळी करणाऱ्याने आखला तर काय होऊ शकते, याचे माझ्या मते हे आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

स्त्रियांच्या रातपाळीवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. १९४८च्या कायद्याने कारखान्यात त्यांना रात्री मज्जाव होता. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने तो अटींसह उठवला. परिचारिकांना मात्र रात्र कधीच वर्ज्य नव्हती, त्यांच्या झोपेची काळजी कायद्याने केली नाही. नोव्हेंबर २००७मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच घात केला, तेव्हा वाहतुकीच्या सुरक्षिततेवर खूप चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. घरी पोहोचल्यावर काय होते, हे त्या चर्चेत आले नाही. माझे बाबा तिसरी पाळी करून आले की आई सगळी चाळ गप्प करी. माझी बहीण नाइट करून येते तेव्हा ओट्याशी जाते. तिच्यासाठी जिन्यात जाऊन ‘ती झोपली आहे’ असे सांगणारे कुणी नसते.

सगळ्याच रात्री टाळता येत नाहीत. काचेची भट्टी विझवता येत नाही, सिमेंटची भट्टी थंड करता येत नाही, दवाखान्याला कुलूप लावता येत नाही. पण कितीतरी रात्री केवळ यंत्राच्या कर्जाचा हप्ता लवकर फिटावा म्हणून चालतात, आणि हिंजवडीच्या इमारतींत समुद्रापलीकडच्या गिऱ्हाईकाचा दिवस आपला म्हणून. या दोन्हींना ‘अत्यावश्यक’ हाच शब्द वापरला जातो, तो वापरू नये. आणि ज्याला मालकच नाही अशाही एकाची रातपाळी आहे. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत, बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या रात्रीला ना भत्ता, ना सुट्टी. तो या पुस्तकात शेवटी येतो. मी त्याच्याकडे उशिरा पोहोचले, म्हणून.

मुलाखती पाळी बदलण्याच्या वेळी घेतल्या : गेटसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर, कंपनीच्या बसमध्ये, वॉर्डाबाहेरच्या बाकांवर. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला, शेवटचे सलग सात तास कधी झोपलात? बहुतेकांनी सणाचे किंवा आजारपणाचे नाव सांगितले. त्यांची नावे दिलेली नाहीत, नोकरी सांभाळायची असते. त्यांचे आभार मानते. पुस्तक हाती आले की कळवते, असे म्हटल्यावर एकाने नंबर लिहून दिला आणि खाली वेळही लिहिली : सायंकाळी पाचनंतर.